उचलून नेण्याजोगा कॉम्प्युटर

प्रिय सिसेल,

टपालाच्या पेटीत माझं अक्षर बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपण दोघं फार समजूतदार वागतो. पोरीला कोण सोडणार, किती वाजता, पोहायची पिशवी कुणाकडे राहिली, एवढं झालं की आभार मानून मोकळे. मला जे सांगायचंय ते त्या समजूतदारपणात बसत नाही.

आपल्या विगाच्या चर्चमधल्या दृढीकरणाच्या जेवणात माझ्या भावानं रचलेलं गाणं आठवतंय? सगळ्यांना कागद वाटून म्हणायला लावलं होतं आणि कडवी काही संपता संपेनात. त्यातच ते 'दोन राज्यांची एक राजकन्या, आठवडा इकडे, आठवडा तिकडे' आलं आणि सगळा हॉल हसला. विगाही हसली. आधी तुझ्याकडे बघून, मग मान वळवून माझ्याकडे बघून, अगदी सारखंच. तेव्हा मला ते फक्त गोड वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी निळा सोमवार, दृढीकरण झालेल्या पोरांच्या हक्काच्या सुट्टीचा. वर्गातल्या सगळ्या पोरी भेट मिळालेल्या पाकिटांतले पैसे घेऊन आरहूसला उधळायला गेल्या आणि आपली पोरगी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, माझ्याकडे एवढे पैसे आहेत. यात गेम खेळायचा कॉम्प्युटर बसवायचा. सुटे भाग मी निवडणार, तू फक्त चुका काढायच्या." चुका काढायचं काम मला दिलं म्हटल्यावर मी किती खूश झालो असेन, ते तुला वेगळं सांगायला नको. आपल्या पहिल्या घरात मी जोडलेला तो कॉम्प्युटर तुझ्या लक्षात असेलच. त्याच्या पंख्याचा आवाज ऐकून तू विचारलं होतंस, "हा उडणार कधी?"

तर मी तिला बाबांचं ज्ञान पाजायला सुरुवात केली. पैसे मोजके असतील तर आधी ग्राफिक्स कार्ड बघायचं, सगळा खेळ त्याच्यावर. मग त्याला झेपेल असा प्रोसेसर. मग रॅम, मदरबोर्ड. पॉवर सप्लायमध्ये चिंधीगिरी करायची नाही, नाहीतर एक दिवस धूर निघतो. आणि कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, सगळ्यात शेवटी, उरल्यासुरल्या पैशांत, कारण तो नुसता पत्रा. बाईसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि यादीत पहिलं काय लिहिलं असेल? कॅबिनेट! छोटंसं, बुटांच्या दोन खोक्यांएवढं, वर हँडल असलेलं. किंमत बघून माझी कॉफी सांडायची बाकी होती.

मी म्हटलं, "अगं वेडे, पत्र्यावर खेळ चालतो का?" ती म्हणाली, "मला हेच हवंय." मी म्हटलं, "लहान कॅबिनेटला लहान मदरबोर्ड लागतो, लहान पॉवर सप्लाय लागतो, आणि या धंद्यात वस्तू जितकी लहान तितकी महाग. कार्डाला मग राहतंय काय?" ती म्हणाली, "जे राहील ते." आणि ओठ घट्ट मिटले. तो चेहरा तुझा, सिसेल. त्या चेहऱ्यापुढे मी कधी जिंकलोय?

मला वाटलं, हँडल आवडलं असेल, पोरीचा हट्ट आहे. म्हणून मी परस्पर एक हुशारी केली. स्कीवेच्या एका पेन्शनर गृहस्थाकडे एक दणकट कार्ड वापरलेल्या भावात मिळत होतं. ते जाऊन घेऊन आलो आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. पोरीचे डोळे असे चमकले की मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. मग ते कॅबिनेटमध्ये घालायला गेलो, तर दोन बोटं बाहेर. वीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांत कपाटं बसवणारा मी, आणि माप घेतलं होतं कॅबिनेटचं बाहेरून! नव्या पोऱ्यानं असं केलं असतं तर मी त्याला आठवडाभर चिडवलं असतं. विगानं मात्र चिडवलं नाही. आधी थोडं हसली, आणि मग मी तोडगा सांगितला तशी तिनं कार्ड स्वतःकडे ओढून घेतलं.

तोडगा अगदी सरळ होता. हे फॅशनेबल डबडं परत करू आणि मोठं, साधं कॅबिनेट घेऊ. मदरबोर्ड स्वस्त, पॉवर सप्लाय स्वस्त, दणकट कार्ड आरामात बसेल आणि वर रॅम दुप्पट घेता येईल. हिशेब इतका सुंदर जुळत होता की मी तो तिला दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "पण मग ते इथेच राहील." मी म्हटलं, "राहू दे की! तुझीच खोली आहे." त्यावर तिनं कार्डावरची धूळ बोटानं पुसत पुसत जे सांगितलं, ते मी तिच्याच शब्दांत देतो. "बाबा, ते इथे असलं तर मला आईकडे असताना इकडे यावंसं वाटणार. आणि आईला ते कळणार. तिकडे ठेवलं तर तुला कळणार. म्हणून हँडल."

मी काहीतरी विनोद केला आणि चहा टाकायला उठलो. चौदा वर्षांची पोर आपल्या दोघांची मनं राखायला खेळातला वेग कमी करून घेते आणि वर मला समजावते की बरं चालेल, थोडं धूसर दिसेल इतकंच. दुसऱ्या दिवशी जाऊन कार्ड बदलून आणलं. गृहस्थ भला होता, विचारलं काहीच नाही. त्याच्याकडचं जुनं, आखूड कार्ड आणि वरचे पैसे मला दिले.

जोडायचा दिवस मात्र छान गेला. तू हवी होतीस, हे मनापासून म्हणतोय. प्रोसेसर बसवताना तिनं श्वास रोखून धरला होता. त्यावर ती उष्णता वाहून नेणारी पेस्ट किती लावायची यावरून आम्ही भांडलो. ती म्हणाली वाटाण्याएवढी, मी म्हटलं जरा जास्त. तिचंच बरोबर निघालं आणि पुसापुशीत माझी बाही बरबटली. पहिल्यांदा बटण दाबलं आणि पंखा फिरला, तेव्हा ती ओरडलीच. मग मला शेजारी बसवून खेळातल्या कुठल्यातरी जंगलातून पळवत राहिली. मी सारखा पडत होतो, ती मला उठवायला परत येत होती आणि म्हणत होती, "बाबा, माझ्या मागे मागे राहा, बाकी काही करू नकोस." इतकं हसलो नव्हतो कित्येक दिवसांत.

पुढचा शुक्रवार तुझ्याकडे यायचा. गाडीनं सोडतो म्हटलं, तर नको. म्हणे तू सोडलंस तर परत येताना आईलाही मला इकडे आणून सोडावं लागणार, तिची शुक्रवारी मीटिंग असते. म्हणजे तिथेही समान वाटणी. त्या संध्याकाळी मी कामावरून विबोर्गहून परतत होतो आणि स्टेशनसमोरच्या सिग्नलला तिची बस माझ्या शेजारी येऊन थांबली. खिडकीत विगा. मांडीवर तो डबा, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला, दोन्ही हात त्याच्याभोवती, पाठीवर शाळेचं दप्तर, पायांशी पोहायची पिशवी. बस भरलेली आणि हिला हलायलाही जागा नाही. तिनं मला पाहिलं नाही. ती डोळे मिटून बसली होती, झोपलेली नव्हती. एखादा कामगार दिवसाच्या शेवटी बसतो तशी बसली होती. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा माझ्या लक्षात आलं की सिग्नल हिरवा झालाय.

परवा ती माझ्याकडे आली तेव्हा कॉम्प्युटर सुरूच होईना. उघडून बघितलं तर बसच्या हादऱ्यांनी कार्ड खाचेतून अर्धं सुटलेलं. दाबून बसवलं, चालू झाला, मोडलं काही नाही. मी म्हटलं, दर आठवड्याला असं होणार गं. तर ती अगदी सहज म्हणाली, "माहितीये. मी ठरवलंय, दर शुक्रवारी कार्ड काढून वेगळं गुंडाळायचं आणि पोचल्यावर पुन्हा लावायचं. सवय होईल." तक्रारीचा सूर नाही की काही नाही. आणि लगेच जेवायला काय आहे म्हणून विचारलं.

सिसेल, ती सवय आपण लावलीय. दर शुक्रवारी स्वतःला सोडवून घ्यायचं, गुंडाळायचं, दुसरीकडे जाऊन पुन्हा जोडायचं आणि दोघांकडे सारखं हसायचं. हे सात वर्षं चाललंय आणि आपण एकमेकांना सांगतो की किती छान जमवलं आपण. आपण भांडलो नाही, हे खरंच छान केलं. पण वाटणी आपण आपल्या सोयीची केली, आणि ओझं तिच्या मांडीवर राहिलं.

म्हणून विचारतोय. तिचं घर एकच असावं आणि ते तुझं असावं. शाळा तुझ्याकडून पायी, मैत्रिणी तुझ्या गल्लीत. माझ्याकडे गावात ती आणि मी आणि शेजारची मेंढरं. तिला मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ती माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देईल, आणि ते खरं नसेल. उद्या ताब्याच्या कागदांसाठी कुठल्या सरकारी कार्यालयात परक्या बाईसमोर 'आई की बाबा' हे तिला बोलायला लागू नये, म्हणून ते मीच आधी बोलतोय. मला वाईट वाटत नाही असं नाही. खूप वाटतंय, हे लिहितानाही वाटतंय. पण बुधवारी मला जेवायला येऊ देत जा, तिच्या आवडीचे खिम्याचे गोळे, फ्रिकाडेलर, मी तळून आणीन. तू हो म्हणालीस, तर या शुक्रवारी मीच तिला आणि त्या डब्याला गाडीतून तुझ्याकडे आणतो. आपण दोघं मिळून तिला सांगू. मोठं कॅबिनेट मी आधीच घेऊन ठेवलंय, तेही गाडीत असेल; तिच्या खोलीत आपण तिघं बसून सगळे भाग त्यात लावू. त्याला हँडल नाही.

तुझा, आणि तिच्याबाबतीत तरी कायम तुझाच,
एस्बेन