सुरगाठ आणि सिलिकॉन

बाबा, आज रविवार, साइट बंद आहे, ठेकेदार खाली शहरात गेलाय, आणि मी सकाळपासून बारीक तारेने सिलिकॉन कापत बसलोय. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, हे सिलिकॉन काय असतं रे. काचेच्या फटीत भरतात तो चीक, बाबा. ओला असतो तेव्हा लोण्यासारखा, वाळला की रबर. एकदा धरला की सोडत नाही.

इथे हिमाचलात, कांगड्याच्या बाजूला, आम्ही एका गावासाठी हॉल बांधतोय. सगळा देवदाराचा सांगाडा आणि काच, सिमेंट फक्त पायाभरणीत. सकाळी त्यात लहान मुलांची शाळा भरणार, दुपारी बायकांचं विणकाम, आणि लग्न निघालं की काचेचे पल्ले खाचेतून उचलून बाजूला ठेवायचे, म्हणजे हॉल आणि अंगण एक. थंडीत पल्ले परत लावायचे. ऊन काचेतून आत येतं, शेकायला लाकूड कमी जाळावं लागतं. सांगाड्याला खिळा नाही, नुसते बोल्ट. उद्या रस्ता रुंद करायचा ठरला तर उघडून दुसरीकडे उभा करता येईल. ज्या मॅडमनी हे डिझाईन केलं त्या चहाच्या वेळी आम्हाला समजावत होत्या. म्हणाल्या, "मकान को ज़िद नहीं करनी चाहिए." मग विचारलं, खोलून परत उभं करायचं असं काम तुमच्यात कोणी केलंय का. मी चहाचा ग्लास विसळायला उठलो. मागे एकदा त्यांना सांगून बसलोय ना, माझे वडील बिल्डिंग लाइनमध्ये होते म्हणून.

मांडव घालायचे, एवढं म्हणायला माझं काय जात होतं. पण तिकडे आपल्या गावी, खरवईत, घरामागे ती बांबूची चळत, दोरीवर वाळत घातलेली रंगीत कापडं, आणि शाळेतली पोरं मला "ए झालर" म्हणून हाक मारायची. आठवी अर्धी सोडून मी उल्हासनगरला काचेच्या दुकानात लागलो ते त्याचसाठी. सिंधी शेठ म्हणायचा, "साईं, ये पक्का धंदा है." घरी येऊन मी तुम्हाला तेच ऐकवलं, की माझं काम पक्कं आहे. तुम्ही रागावला नाहीत. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारातून काच कापायचा नवा कटर आणून माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "काच म्हणजे कडक कापडच. मापात चुकलास की गेलं."

कात्रपमधल्या लग्नाची ती हळद आठवते. सोसायटीच्या मोकळ्या जागेत मांडव, आणि तुम्ही पहिल्यांदा एक पूर्ण बाजू मला बांधायला दिलेली. मी जीव लावून सगळ्या निरगाठी मारल्या, वर पाणी शिंपडलं, काथ्या आवळून दगड झाला. लग्न उरकल्यावर मांडव सोडायला आलो तर तुमची बाजू एकेका हिसक्यात खाली येतेय आणि मी दातांनी गाठ ओढतोय. नवऱ्या मुलाची आत्या चहा घेऊन आली, म्हणाली, "अरे दात सांभाळ, तुझं लग्न व्हायचंय अजून." सगळ्या बायका हसल्या. मी सुरी मागितली. तुम्ही दिली नाहीत. "घट्ट बांधलीस, शाबास. आता सोड. तूच बांधलीस ना?" मग जवळ येऊन बसलात आणि हळू म्हणालात, "मांडव आपला नसतो रे. लोकांचा असतो. कधी सोडायचा ते त्यांनी ठरवायचं. सुरगाठ मारायची, कुणीही ओढली तरी सुटली पाहिजे." दुपारपर्यंत मी सोडत होतो. तुम्ही मदतीला हात लावला नाहीत आणि उठूनही गेला नाहीत.

आता ऐका काय केलं मी. वारा सुटला की पल्ले खाचेत खडखडायचे. ड्रॉइंगमध्ये त्याला लोकरीची पट्टी लावायची होती, ती पट्टी यायला उशीर झाला. ठेकेदार म्हणाला, "सिलिकॉन मार दे यार, खोलेगा कौन?" मी नाही म्हणू शकलो असतो. इथे काचेचं काम माझ्याशिवाय कुणाला येत नाही. पण मला पुढची साइट पाहिजे होती, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, खोलेगा कौन. सगळे पल्ले खाचेत चिकटवले. इतकं साफ काम केलं की फट दिसत नाही.

परवा मॅडमनी गावातल्या बायकांना बोलावलं, पल्ले उघडून दाखवायला. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी पुढे आली. विणकामाचा हॉल पाहिजे म्हणून सगळ्यांच्या मागे लागली होती ती हीच. तिने पल्ल्याला दोन्ही हात घातले, उचलला. हलला नाही. परत उचलला. मग तिने हात काढून घेतले, तळवे ओढणीला पुसले आणि हसून म्हणाली, "अब इन हाथों में जान नहीं रही." मॅडम म्हणाल्या, नाही अम्मा, लाकूड फुगलं असेल. ठेकेदार म्हणाला, हां जी, लकडी फूल गयी है. तिने माझ्याकडे पाहिलं, बाबा. काचवाला म्हणून. मी मान हलवली. हो, लाकूड फुगलंय.

तेव्हापासून ते तळवे डोळ्यांसमोरून जात नाहीत. म्हणून आज तार घेऊन बसलोय. ठेकेदार उद्या बोंबलणार, बोंबलू दे. एका बाजूचे पल्ले मोकळे झालेत, तिने हात लावला होता तोही. एकट्याने उचलून पाहिला, अलगद वर आला. दुसरी बाजू अजून धरूनच बसलीय. बोटं कापलीत. तुम्ही बाजूला बसून राहिला असता, सुरी न देता.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचण्यासारखं असतं तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही वाचून एकच विचारलं असतं, "तिला सांगितलंस का?" ती मघाशी शेळ्या घेऊन इथूनच गेली. थांबली, पल्ला खाचेतून वर येताना पाहिला, म्हणाली, "खुल गया?" मी म्हटलं, हां अम्मा, लकडी सूख गयी.