उन्हात टाकलेल्या पट्ट्या

२३ मार्च, केनवड

शाळेत शिकवून आल्यावर धान्याच्या खोलीतून स्की बाहेर काढल्या. वर्षभर गव्हाच्या कोठीमागे पोत्यात गुंडाळून उभ्या होत्या. पोतं सोडलं आणि मेणाचा वास आला. तिथेच उंबऱ्यावर बसले. मनालीच्या वरचा तळ, स्टोव्हचा घरघर आवाज, दोरीवर कडक झालेले मोजे, आणि अमरावतीची रेणुका माझी झोपायची पिशवी ओढत ओरडतेय, "उठ वो पनू, सूर्य काय तुह्यासाठी थांबून राह्यला?"

कॉलेजातली ती सुट्टी. घरातली पहिली पदवी व्हायची होती अजून, आणि मी बर्फात पडून हसत होते.

मे महिन्यात परत जायचंय. तळामागची ती खिंड. तेव्हा सगळे नुसते मान वर करून बघायचो. या वेळी तळावर शिकवणारे नेगी सर मला आणि रेणुकाला, आम्हा दोघींनाच नेणार. स्कीवर चढायचं, स्कीवर उतरायचं. अट एकच: सामान स्वतःचं आणि त्याची हमीही स्वतःची. भाड्याचं घेतलं तरी हमी आपलीच.

२६ मार्च

रेणुकाचा फोन. ती आता पुण्याला असते; थेट मनालीला येईल, तिथेच सगळा संच भाड्याने घेणार. नवा, हलका. मलाही तेच सांगते. मी म्हटलं, माझ्या स्की मला माहीत आहेत. त्या कुठे कशा आपटल्या, कुठे भरून काढल्या, सगळं. भाड्याच्या सामानाचा इतिहास कोण सांगणार?

रे. म्हणाली, "तू नं सामान नाई निवडत. तू आठवणी निवडतं."

 खरंच या स्की सरांच्या मुलीच्या. ती परदेशी नोकरीला गेली. दुसऱ्या वर्षी निघताना सरांनी त्या माझ्या हातात दिल्या, "गाँव ले जा. इनको चलानेवाला चाहिए." बूटसुद्धा तिचेच, माझ्या मापाचे निघाले. बसमध्ये अख्खा प्रवास मांडीवर आडव्या धरून आले होते. कंडक्टर विचारत होता, पडद्याचे रॉड आहेत का.

तरीही रे.चं बोलणं डोक्यात राहिलं. ठरवलं, एकेक वस्तू तपासायची. आवडते म्हणून एकही न्यायची नाही.

३० मार्च, रविवार

हरभरा काढून झाला. खळ्यात कुटाराचा, म्हणजे भुशाचा, मोठा ढीग पडलाय. संध्याकाळी बूट घातले, स्कीवरच्या बाइंडिंगच्या खटक्यात अडकवले आणि ढिगावरून घसरले. बर्फासारखं नाहीच. पण मुद्दाम आडवी पडले तेव्हा बाइंडिंगने बूट सोडला. दोन्ही बाजूंनी, दर वेळी. पाय पिरगळायच्या आत सुटला पाहिजे, तेवढंच बघायचं होतं.

अर्धी गल्ली जमली. बाबा शेताच्या धुऱ्यावर उभे राहून, "बैल सोडले अन् पोरगी जुंपली काय वो?" मायला हसू आवरत नव्हतं आणि लाजही वाटत होती. "घरातली पयली बी.एस्सी. अन् कुटारावर लोळून राह्यली! लोक काय म्हनतीन?"

कानात, केसांत, कुठे कुठे कुटार. आंघोळीनंतरही खाज गेली नाही. फार दिवसांनी इतकी खूश होते.

४ एप्रिल

बूट: बाहेरचं प्लास्टिक तपासलं. जुनं प्लास्टिक एखाद्या दिवशी थंडीत अचानक तडकतं म्हणतात. चिरा नाहीत. आतला मऊ जोडा दबलाय, जाड मोज्यावर भागेल.

हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं यंत्र: सरांनीच दिलेलं, जुनं. बॅटरीच्या जागी हिरवा गंज. घासून सुरू झालं, मग बंद, मग सुरू. क्षणभर वाटलं, चालेल. नाही चालणार. हे माझ्यासाठी नाहीच, रे.साठी आहे. ती गाडली गेली तर मी तिला याने शोधणार. हे भाड्याने घ्यायचं, ठरलं.

रे.ला कळवलं. तिचं उत्तर: "शाब्बास पोट्टे."

राहिल्या स्कीखाली चिकटवायच्या चढाईच्या केसाळ पट्ट्या. उद्यापरवा बघेन. गेल्या वर्षी उत्तम होत्या.

९ एप्रिल

लिहवत नाही.

शाळेतून आले तर टिनाच्या छपरावर वाळवण. गाद्या, रजया, कुरडया, तुरीची डाळ. चैत्रात माय घरातल्या सगळ्याला वर्षाचं ऊन दाखवते. त्यात माझ्या पट्ट्या. उघड्या टिनावर, गोंदाची बाजू वर.

पळत चढले. उशीर झाला होता. गोंद पातळ होऊन केसांकडे ओघळलेला. आणि वर पांढरं काहीतरी.

"हे काय लावलं, माय?"

"पीठ. चिकट होऊन गेल्तं नं वो. मंग पिठाचा हात फिरवला. पापडाले नाई का लावत?"

मी ओरडले. फार ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही.

१० एप्रिल

सकाळी मायने भाकर वाढली आणि चुलीकडे तोंड करून बसली. मी जवळ गेले.

म्हणाली, "मले वाटलं, बर्फातलं हाय, दमट राह्यलं असन. बुरा नाई लागला पायजे."

मग मी तिला पहिल्यांदा नीट सांगितलं. इतकी वर्षं सांगितलंच नव्हतं. फोटो दाखवत होते नुसते. ही पट्टी स्कीच्या तळाला चिकटते. केस मागच्या बाजूला वळलेले, म्हणून स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. याच्या जोरावर डोंगर चढायचा. वर पोचलं की ओढून काढायची आणि उतरायचं.

"अन् मधातच निघाली तं?"

"तं मी मांगं घसरतो."

"किती मांगं?"

पट्टीवरचं पीठ नखाने खरडत राहिले. 

१५ एप्रिल

मायशी बोलल्यावर त्याच दिवशी सरांना फोन केला होता. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, जुना गोंद पूर्ण काढ, नवा लाव. पद्धत ठाऊक आहे, तळावर एकदा त्यांच्याबरोबर केलं होतं. तंबूबाहेर हिमवर्षाव आणि आत आम्ही तिघं एका पट्टीवर वाकलेलो. रे.च्या कोपराला गोंद लागला आणि स्लीपिंग बॅग दोन दिवस चिकटली. सर गाणं म्हणत होते. शब्द कळायचे नाहीत, चाल अजून डोक्यात आहे.

सरांनी मनालीहून गोंद पाठवला, आज आला.

१६ एप्रिल

खाकी कागद ठेवायचा, वरून गरम इस्त्री, गोंद वितळला की कागद ओढायचा. गोंद कागदाबरोबर येतो. पीठही. माय पट्टीचं टोक धरून बसली, मी इस्त्री फिरवली. दुपारभर तेच. घामाने दोघी चिंब.

तिने विचारलं, "ते रेणुका जाड झाली का?" मी सांगितलं, तशीच आहे. तळावर तिने आणलेला ठेचा सरांनी एकदम तोंडात टाकला आणि बर्फ खायला धावले, हेही सांगितलं. माय इतकी हसली की टोक सुटलं.

नवा गोंद पातळ लावला. आता पट्ट्या धान्याच्या खोलीत, सावलीत, जाळीवर. मायने खोलीला कडी घातली आणि बाबांनाही आत जाऊ देत नाही.

२० एप्रिल, मालेगाव

थंडीत तपासल्याशिवाय काही खरं नाही. बाबांच्या मोटरसायकलवर स्की आडव्या धरून जवळच्या मालेगावला गेलो, बर्फाच्या कारखान्यात. बाबांनी मालकाला सांगितलं, "पोरगी हिमालयात जाऊन राह्यली, तिले जरा थंडी दाखवा." मालक म्हणाले, "आमच्या इथं लोक लग्नाचा बर्फ नेतेत, बाप्पा. हे नवं पायलं."

पट्ट्या लावून स्की बर्फाच्या लाद्यांमध्ये ठेवल्या. बाहेर चहा. तासाभराने काढून ओढून बघितल्या.

डावी: पक्की. दोन्ही हातांनी ओढली तरी नाही.

उजवी: पुसून लावली तेव्हा टिकली. दव धरलेल्या स्कीवर लावली तेव्हा शेपटीकडून सुटली. पुन्हा केलं. एकदा टिकली, एकदा सुटली.

परतताना बाबा केनवड जवळ आल्यावर म्हणाले, "एकदा तं टिकली नं."

तेच तर. एकदा.

२१ एप्रिल

रे.ला सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं. मग, "पाय पनू, चढावर तू माया वर असशीन. घसरली तं मायावर येशीन. मले तुयी आठवण नाई पायजे, तू पायजे."

बरोबर आहे. भाड्याच्या पट्ट्या माझ्या स्कीला बसत नाहीत. माझ्या स्की रुंद, आणि पट्टी अडकवायचा टोकाचा आकडा वेगळा. म्हणजे पट्टी बदलायची तर स्की, बाइंडिंग, सगळंच बदलायचं. सरांनी चौकशी केली, माझ्या मापाचा संच मेमध्ये मिळेल का नाही, दुकानदार सांगू शकत नाही.

नेगी सर म्हणाले, घेऊन ये. पहिल्या दिवशी तळावरच्या उतारावर, ओल्या बर्फात, मी स्वतः ओढून बघीन. सुटली तर तू तळावर थांबशील, रेणुका आणि मी जाऊ. आत्ताच हो म्हण, तिथे वाद नको.

हो म्हटलं. फोन ठेवल्यावर रडले. एवढी वर्षं त्या खिंडीकडे बघतेय.

२५ एप्रिल

उजव्या पट्टीची शेपूट पुन्हा साफ केली, पुन्हा गोंद. मालेगावला जायला वेळ नाही. आता जे काय ते तिथेच.

वर्गातल्या मुलींनी विचारलं, "मॅडम, वरून काय दिसते?" म्हटलं, अजून माहीत नाही. खरंच नाही माहीत.

२८ एप्रिल

उद्या सकाळी अकोल्याला बस, तिथून गाडी. सामान बांधलं. पट्ट्या सगळ्यात शेवटी घ्यायला गेले तर माय म्हणाली, "मले लावून दाखव."

ओसरीत उजवी स्की आडवी टाकली. मी लावणार, तर तिने हातातून घेतली. पुढचा आकडा अडकवला, तळहाताने दाबत दाबत शेपटीपर्यंत नेली. पापड लाटणारे हात. एक सुरकुती राहिली नाही.

मग विचारलं, "मायामुळं तुले खालीच रायनं पडन का वो?"

नाही म्हणता आलं असतं. "माईत नाई, माय," म्हटलं.

तिने उजव्या स्कीवर गुडघा रोवला, शेपूट मुठीत धरली आणि सगळा जोर लावून ओढली. पट्टी हलली नाही.

"पाय, निघत नाई."

"इथं नाई निघनार. इथं गरम हाय."

तिने मूठ सोडली नाही. पदर खोचला, नीट बसली आणि पुन्हा ओढायला लागली.