भोंग्याला ओ नाही

१२ फेब्रुवारी

दादा,

साष्टांग नमस्कार लिहायला हात धजावला नाही, म्हणून नुसता नमस्कार. इकडे सगळं ठीक. लॉन्ड्री चालू आहे, बाबांच्या घशाची जखम भरली आहे. वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

तुमचा संघ पुढच्या रविवारी आमच्याशी खेळायला येतोय. 'आमच्याशी' लिहिताना किती बरं वाटलं म्हणून सांगू! मॅनेजरसाहेब, इथला क्लब उचलून मोठ्या शहरात नेताना तू म्हणाला होतास, "इथे फुटबॉल बघायला कुत्रं येत नाही." आता ये आणि बघ.

सुरुवातीला कुत्रंही येत नव्हतं, खोटं कशाला बोलू? तुम्ही गेल्यावर गावाने उभा केलेला, खालच्या श्रेणीतला नवा संघ, पहिल्या सामन्याला प्रेक्षकांपेक्षा खेळाडू जास्त. आमच्या गोलकीपरला सगळे 'भिंत' म्हणतात, कारण या भिंतीला खिडक्या फार. पण मी हट्टाला पेटले. संघाचे कपडे फुकट धुवायला घेतले आणि दुकानाच्या पुढच्या दारात, भर रस्त्यावर वाळत घातले. सोमवारी हिरवे शर्ट लोंबताना दिसले की लोक थांबायचे.

"काल काय झालं हो?"

"हरलो."

"कितीने?"

"रविवारी येऊन स्वतःच बघा ना!"

इस्त्रीच्या प्रत्येक गठ्ठ्यात मी तिकीट घालायची. बेकरीवाला आला, त्याची सासू आली, शाळेतल्या बाई आल्या. ती सासू पंचाला अशा शिव्या घालते की ऐकत राहावं.

आता मुद्द्याचं. तुमच्या अटींत आहे म्हणे, की खेळाआधी तुमच्या क्लबची आरोळी भोंग्यावर वाजलीच पाहिजे. तुमच्या क्लबची? दादा, ती बाबांची आरोळी आहे. उभा जन्म ते कठड्याशी उभे राहून "आहात का रे?" म्हणून ओरडायचे आणि सगळं मैदान "आहोत!" म्हणायचं. त्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू ती फोनवर रेकॉर्ड करून घेतलीस. 'आठवण म्हणून.' आवाज नीट लागावा म्हणून मीच त्यांना कोमट पाणी आणून दिलं. त्यांचा आवाज कायमचा गेला, आणि तू तो तिकडे मांडून बसलास.

वाजव. खुशाल वाजव. इथलं एकही माणूस ओ देणार नाही. घरोघरी कपडे पोचवताना मी एकेकाला सांगून ठेवलंय. तुलाही आधीच कळवते, कारण पाठीत वार करायची रीत तुझी, माझी नाही.

शेवटी 'लोभ असावा' लिहायची पद्धत आहे. पण तुझा लोभ मी पाहिलाय.

बहीण


२० फेब्रुवारी

दादा,

पोचलास ना नीट? विचारायचं म्हणून विचारते.

चार-शून्य. अभिनंदन. भिंतीला त्या दिवशी दरवाजाच बसवला होता.

पण गोलांचं कोणाला पडलं होतं! भोंग्यातून बाबांचा आवाज आला आणि सगळं मैदान गप्प. बेकरीवाल्याची सासूसुद्धा! तुझा चेहरा उतरलेला बघून मला गार गार वाटलं. ह्याच घटकेसाठी मी परक्यांचे चिखलाने माखलेले मोजे धुतले होते.

मग मी बाबांकडे पाहिलं.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं रे. सगळ्या गावाला सांगितलं, त्यांना तेवढं सांगायचं राहिलं. तुझी जिरवायच्या नादात मी त्यांच्याच हाकेला गाव मुकं केलं होतं. ते कावरेबावरे होऊन मागे बघत होते, माणसं कुठे गेली म्हणून.

तेवढ्यात त्यांनी काठी उचलली आणि कठड्यावर ठोकली. आहात-का-रे. अगदी त्याच ठेक्यात. आधी कोणाला कळेना. मग ती सासू ताडकन उठली, "आहोत!" आणि तिच्यामागून सगळे. छपराचे पत्रे हादरले. बाबा पुन्हा पुन्हा ठोकत होते, तोंडभर हसत होते. ती आरोळी आता तुझ्याकडे नाही, दादा. तुझ्याकडे नुसता भोंगा आहे.

एक गोष्ट लिहिणार नव्हते. भोंगा वाजला तेव्हा, सगळे गप्प असताना, त्या कोटवाल्या पाहुण्यांमध्ये तुझे ओठ हलले. "आहोत" म्हणालास तू. मी पाहिलं. मला संताप आला. तुझी कीव यायला नको होती मला.

मध्यंतरात बाबा शेजारच्या खुर्चीवर हात थापटत तुला खुणा करत होते. तुला दिसलं नसेल, कारण मी मध्ये उभी राहिले. मुद्दाम. मग त्या खुर्चीवर धुण्याची पिशवी ठेवून दिली.

येत्या रविवारी पुन्हा सामना आहे. पिशवी त्याच खुर्चीवर असेल. बाबांनी कितीही डोळे वटारले तरी मी ती उचलणार नाही. तुला बसायचं असेल तर रांगेत उभं राहून तिकीट काढ, आणि ये, स्वतःच्या हातांनी उचल. आत सगळे ओले मोजे आहेत. जड आहे.

तुला अजून माफ न केलेली,
तुझीच बहीण