पूर्वीचा अनुभव: काही नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
क्लासचा पहिला दिवस. तीनचा क्लास, मी अडीचलाच हजर आणि दारात उभी राहून हजेरीचं पंचिंग मशीन शोधतेय. अठरा वर्षांची सवय, अशी सहा महिन्यांत थोडीच जाणार.

आमच्या चिखलीतल्या विहाराच्या वरच्या हॉलमध्ये दहा कॉम्प्युटर. जुनेच, पण पुसून लख्ख. फुकट क्लास म्हणजे कोणीतरी तासभर भाषण ठोकेल आणि चहा पाजून घालवेल असं मी धरून चालले होते. तसलं काही नाही. तीन महिने, रोज दोन तास, शेवटी परीक्षा. सगळे कामावरून कमी झालेलेच. रेखाने ओढून आणलं मला. भोसरीच्या कंपनीत लाइनवर एका टेबलाला समोरासमोर बसून बेअरिंगच्या रिंगा तपासल्या आम्ही, इथंही शेजारीशेजारी. मे महिन्यात रिंगा तपासायला कॅमेरा बसला आणि आम्ही अकराच्या अकरा बायका घरी.

फॉर्म दिला. "पूर्वीचा अनुभव" ह्या रकान्यात मी लिहिलं, काही नाही. शिकवायला शिंदे मॅडम, पस्तिशीच्या, पुनावळ्याहून स्कूटीवर येतात. त्यांनी फॉर्म वाचला.
"मंगलताई, मग अठरा वर्षं काय केलंत?"
म्हटलं, "रिंगा बघितल्या. ओके का रिजेक्ट."
त्यांनी "काही नाही"वर रेघ मारली आणि स्वतः लिहिलं, तपासणी, १८ वर्षे.
घरी येताना डोळ्यात पाणी. भर रस्त्यात. वेडी आहे मी.

६ नोव्हें.
माऊस. मोरेकाका (चिखलीचेच जुने, लेथवर तीस वर्षं, कंपनी बंद पडली) माऊस उचलून हवेत फिरवत होते. "ह्यो हालत न्हाई ओ मॅडम." सगळे पोट धरून हसलो. मग माझं टेबल संपलं, बाण मध्येच अडकला, आणि मी पण उचलला.

१३ नोव्हें.
आठवड्याचे रिजेक्ट एकाखाली एक लिहिले. खाली एक ओळ टाइप केली, एंटर मारलं, बेरीज हजर! वरचा एक आकडा बदलला तर खालची बेरीज आपोआप बदलली. तीनदा बदलून पाहिलं. मोरेकाका म्हणाले, ह्यात माणूस तर बसला न्हाई ना कोणी.
हीच बेरीज आम्ही शिफ्ट सुटल्यावर उभ्याउभ्या कागदावर करायचो. चुकली की सुपरवायझरची बोलणी. तो केबिनमध्ये बसून हेच एंटर मारत असणार, मेला.

२० नोव्हें.
आज जे पाहिलं ते कसं लिहू.
मॅडमनी रेखाचा फोटो काढला, स्क्रीनवर घेतला आणि मोठा करत गेल्या. तोंड, मग नाक, मग नाकाशेजारचा तीळ. मग तीळ राहिलाच नाही. नुसते चौकोन, गोधडीला ठिगळं असतात तसे. म्हणे प्रत्येक चौकोनात तीन आकडे आहेत. लाल किती, हिरवा किती, निळा किती. बस्स. रेखा म्हणजे एवढंच. एक आकडा बदलला तर तिळावर हिरवा ठिपका उमटला.
रेखा ओरडली, "अगं बाई, माझं तोंड नीट करा की आधी!"
मला हसूच येईना. म्हणजे आमच्या जागेवर बसलेल्या त्या कॅमेऱ्याला रिंग दिसतच नाही! चकाकी म्हणजे मोठा आकडा, चीर म्हणजे बारका आकडा. आणि एवढ्यावरून तो ओळखतो?

घरी आले तर दोरीवर ह्यांचा युनिफॉर्म. हे कंपनीची बस चालवतात, निळा शर्ट. घडीच्या आत निळा गडद, बाहेर फिका. किती आकडे असतील एका शर्टात. बघतच राहिले.
"डाग राहिलाय का?" हे म्हणाले.
म्हटलं, नाही हो. छान दिसतोय शर्ट.
"बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं."

२८ नोव्हें., शुक्रवार
कॅमेरा कसा शिकतो ते सांगितलं. मला वाटायचं कोणी मोठा इंजिनियर त्याला नियम घालून देत असेल. तसं नाही. त्याला नुसते फोटो दाखवायचे, हजारो, आणि प्रत्येकावर सांगायचं, हा ओके, हा रिजेक्ट. तो आपला आपण शिकतो. मी विचारलं, "पण ओके-रिजेक्ट सांगतं कोण?" मॅडम म्हणाल्या, "ज्यांना कळतं ते. कामगारच."

माझा हात माऊसवरच राहिला.

मार्च महिना. सुपरवायझर एक पांढरी पेटी घेऊन आला होता, आत दिवा. ऑडिटसाठी फोटो पाहिजेत म्हणाला. ओके रिंगा डावीकडे, रिजेक्ट उजवीकडे, एकेक करून ठेवा. तीन आठवडे चाललं. सगळ्यात जास्त रिंगा मी केल्या. शेवटच्या दिवशी सामोसे दिले सगळ्यांना.
म्हणजे त्याला आम्हीच शिकवलं. मी शिकवलं.
रेखाकडे बघितलं, तिलाही कळलं होतं. पर्स उचलून ती सरळ जिना उतरली.
इतका राग आलाय की अक्षर नीट येत नाही. आणि खोटं कशाला लिहू, रागाच्या खाली कुठंतरी छातीही फुगलीय. मेल्याला डोळे माझे दिलेत.

१ डिसेंबर
रेखाकडे गेले. पोळ्या लाटत होती, डब्याच्या मेसमध्ये कामाला लागलीय. मान वर केली नाही.
"मला नाही यायचं बघ. एकदा शिकिवलं तेवढं बास झालं. तू जा की, तुला लई कवतिक त्या डबड्याचं."
मी तवा माझ्याकडे घेतला. चार पोळ्या शेकून दिल्या आणि निघाले. कौतुक आहेच मला. त्याला मी काय करू.

६ डिसें.
क्लास बंद. पांढरी साडी नेसून विहारात जाऊन वंदना करून आले. वर हॉलला कुलूप. तरी जिना चढून खिडकीतून पाहिलं. कॉम्प्युटर कापडाखाली झाकलेले. मी अशी चोरून बघतेय, कोणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं.

१६ डिसें.
आज फजिती, आणि मग जे झालं ते.
लोखंडी पार्टचे फोटो, प्रत्येकावर ओके किंवा रिजेक्ट लिहायचं. अकराव्या फोटोत काळी रेघ. चीर आहे की तेलाचा ओघळ? मी काय करावं, दोन्ही हातांनी स्क्रीन धरली आणि वरच्या ट्यूबलाइटकडे तिरकी केली! वायर ताणली, स्क्रीन बंद. सगळा हॉल हसला. मी लाजून लाल.

मॅडम हसल्या नाहीत. "तिरकी कशाला केलीत?"
म्हटलं, लाइनवर रिंग उजेडात तिरकी धरतो आम्ही. तेल असेल तर चकाकी सरकते. चीर जागची हलत नाही.
मोरेकाका मागून म्हणाले, "व्हय, बाई बरोबर बोलतीया. आमी पण असंच बघायचो."
"दाखवा," मॅडम म्हणाल्या.
डब्याचं झाकण घेतलं. त्यावर जुना ओरखडा होताच, शेजारी भाजीचं तेल बोटाने ओढलं. मॅडमनी फोनने तीन बाजूंनी तीन फोटो काढले, स्क्रीनवर शेजारीशेजारी लावले. तेल तिन्हीत वेगवेगळं. ओरखडा तिथल्या तिथं. आकड्यांतसुद्धा! माझ्या मनगटाला जे अठरा वर्षं माहीत होतं ते आकड्यांत लिहिलेलं दिसलं.
मॅडमनी तिन्ही फोटो पुन्हा एकेक करून मोठे केले. मग म्हणाल्या, "ताई, हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं."
आयुष्यात मला असं कोणी म्हटलेलं नाही.

२३ डिसें.
फोटोवर लिहायच्या यादीत दोनच शब्द, ओके आणि रिजेक्ट. मी म्हटलं, असं चालत नाही. लाइनवर क्रेट तीन असतात. हिरवा ओके, लाल रिजेक्ट, पिवळा होल्ड. शंका असेल ती रिंग पिवळ्यात, सावकाश उजेडात बघून मग ठरवायची. मॅडमनी टक टक केलं आणि यादीत तिसरा शब्द, होल्ड. एका मिनिटात. कंपनीत तो पिवळा क्रेट मिळायला आम्ही वर्षभर अर्ज केले होते.
आणि आत्ता आठवलं. त्या पांढऱ्या पेटीच्या वेळी सुपरवायझर म्हणाला होता, पिवळ्यातल्या रिंगा घेऊ नका, फोटो वाया जातात. म्हणजे त्या कॅमेऱ्याला शंका घेणं कोणी शिकवलंच नाही.

८ जानेवारी
बातमी! चाकणला एका ठिकाणी असाच कॅमेरा बसवायचाय, फोटोंवर ओके-रिजेक्टच्या खुणा करायला माणूस पाहिजे. वयाची अट नाही. २७ ला टेस्ट. मॅडमनी माझं नाव दिलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी परत कामाला! टेस्ट पास झाले तर.
ह्यांनी पेढे आणले. म्हटलं, अजून काही झालं नाही. "इंजिनियरबाई, पेढा खा आधी."
पेढा तोंडात आणि तेव्हा लक्षात आलं. तिथं आत्ता रिंगा कोण बघतंय?

२७ जाने., मंगळवार
टेस्ट. कॉन्फरन्स रूमला काच, काचेपलीकडे लाइन. नऊ बायका मोजल्या. निळे एप्रन, डोक्याला जाळी. एकीने रिंग उचलून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, अगदी माझ्यासारखी, कोपर टेबलाला टेकवून. कोणी शिकवलं असेल तिला?

दोनशे फोटो, एक तास. तेवीस मी होल्ड केले. साहेब तरुण, गोड बोलणारे. "मॅडम, होल्ड म्हणजे तुम्हाला ठरवता आलं नाही असं धरतो आम्ही."
म्हटलं, "ठरवता येतं. ह्या फोटोत येत नाही. रिंग हातात द्या."
हसले. कळवतो म्हणाले.
गेली नोकरी. बसमध्ये स्वतःलाच शिव्या घातल्या. तेवीसवर काहीतरी ठोकून दिलं असतं तर काय बिघडलं असतं.

३० जाने., शुक्रवार
साहेबांचा फोन. त्या तेवीस फोटोंच्या खऱ्या रिंगा शोधून काढल्या म्हणे, काही न सांगता लाइनवरच्या बायकांना दिल्या. त्यांनी एकूणएक आधी पिवळ्या क्रेटमध्ये टाकल्या, मग उजेडात धरून निकाल लावला.
"तुम्ही ओळखता का एकमेकींना?"
म्हटलं, नाही हो, चाकणला मी परवा पहिल्यांदा आले.
नऊ अनोळखी बायका, आणि नजर एकच. काय म्हणायचं ह्याला? कोणत्या मशीनपेक्षा हे कमी आहे?

सोमवारपासून या म्हणाले. एका कागदावर सही करायची, कॅमेऱ्याबद्दल लाइनवर कोणाशी बोलायचं नाही. मी विचारलं, "कॅमेरा बसल्यावर त्या बायकांचं काय?"
"तो निर्णय वरचा."
"त्यांना माहीत आहे?"
"सध्या फोटो ऑडिटसाठी काढतोय असं सांगितलंय."
ऑडिट. इथंही ऑडिटच.

१ फेब्रुवारी, रविवार
हे म्हणाले, "आधी सही कर, महिनाभर जाऊ दे, मग बघ काय बोलायचं ते." वाईट नाही बोलले. घरात दुसरा पगार पाहिजेच आहे. मलाही ते काम पाहिजे. किती पाहिजे ते कोणाला सांगू. टेस्टच्या दिवशी त्या स्क्रीनसमोर बसले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा पाठ सरळ झाली होती माझी.

रेखाकडे गेले. सगळं सांगितलं. विचारलं, "मार्चमध्ये आपल्याला कोणी सांगितलं असतं, तर काय केलं असतं गं आपण?"
पोळी उलटवली तिने. "सामोसे त्याच्या तोंडावर मारले असते."
दोघी हसलो, दोन महिन्यांनी. मग म्हणाली, "तसं नाही. दोन महिने आधी कळलं असतं तर तवाच क्लासला गेलो असतो की. घरी बसून रडण्यात गेले ते दिवस."

तिथून थेट शिंदे मॅडमना फोन. पुढची बॅच सोळा तारखेपासून, जागा आहेत. मॅडम स्कूटीवर फॉर्म घेऊन आल्या. किती देऊ म्हणाल्या. म्हटलं, दहा. नऊ चाकणचे आणि एक रेखाचा, ती नाही म्हणाली तरी.
मॅडम म्हणाल्या, "ताई, नोकरी जाईल पहिल्याच दिवशी."
जाईल कदाचित. किंवा नाही जाणार. सहीचा कागद साहेब किती वाजता पुढे करतात त्यावर आहे. चहाची सुट्टी दहाला असते सगळीकडे, सहीच्या आधी त्या बायकांशी बोलायला तेवढी पुरे.

फॉर्म पर्समध्ये ठेवलेत, डब्याखाली, चुरगळू नयेत म्हणून. "पूर्वीचा अनुभव" ह्या रकान्यात दहाही फॉर्मवर मीच लिहून ठेवलंय, तपासणी. वर्षांची जागा तेवढी मोकळी सोडलीय, ती जिची तिने भरायची.