बटण डावीकडे आहे

ती. वन्सं,

वाकून नमस्कार. तुम्ही मात्र वाकू नका; डावा गुडघा कसा आहे? (उजव्याचं पुढच्या पत्रात विचारीन. एका पत्रात एकच गुडघा, नाहीतर मूळ मुद्दा राहून जातो.) इकडे सगळं ठीक. तुमचे भाऊ चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधताहेत, म्हणजे प्रकृती उत्तम.

यंदा माझ्या चौथीत कमी ऐकू येणारी एक मुलगी आहे. तिच्या कानात यंत्र, माझ्या गळ्यात छोटा माइक; मी बोलले की थेट तिच्या कानात. वर्ग तिला 'बातमीदार' म्हणतो. का, ते मला पाच महिने कळलं नाही. मी आपली खुशीत होते. न सांगता चाचणी घ्यावी, तर अख्खा वर्ग तयारीत. मुख्याध्यापकांनी सभेत माझं कौतुक केलं आणि मी (खोटं कशाला सांगू) मान खाली घालून ते पोटभर ऐकून घेतलं. चाचणीचे बेत मी शेजारच्या शिक्षकखोलीत चित्रकलेच्या बाईंना सांगायचे, तेव्हा माइक चालूच असायचा, हे माझ्या गावीही नव्हतं. मुख्याध्यापकांच्या केसांच्या टोपाविषयीचं माझं मतही चाळीस मुलांना तोंडपाठ होतं म्हणे.

इथवर मी हसण्यावारी नेलं असतं. पण परवा त्याच खोलीत मी म्हणाले, की ही मुलगी मला काही झेपत नाही, तिला दुसऱ्या शाळेत हलवा म्हणून नणंदेच्या (म्हणजे तुमच्याच) शिक्षण कचेरीत अर्ज देऊन ठेवलाय. बोलून वर्गात आले, तर बातमीदार टेबलापाशी उभी. रडत नव्हती. तिनं माझ्या गळ्यातला माइक उलटा केला आणि सावकाश, मोठ्यांनी लहानांना समजवावं तसं म्हणाली, "बाई, बटण डावीकडे आहे. हिरवा दिवा म्हणजे चालू."

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग सांगितलं का नाहीस, असं मीच तिला दरडावलं. (चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.)

"तुम्ही बंद केला असता," ती म्हणाली. "घरी सगळे माझ्याशी थोडंथोडं, सोपंसोपं बोलतात. तुमचं सगळं ऐकू यायचं." आणि वर, "शिकवणं जमतंय तुम्हाला, बाई. फक्त बटण जमत नाही."

वन्सं, बावीस वर्षांच्या नोकरीत माझी इतकी नेमकी तपासणी कुणी केली नव्हती.

तुमची धाकटी भावजय

ता. क. : तुमच्या कचेरीत दिलेला कागद पुन्हा सापडत नाही, अशी सगळीकडे ओरड आहे. मी नेहमी तुमची बाजू घेते. या वेळी मात्र ओरड खरी करून दाखवा. माझा अर्ज असा हरवा, की शोधणाऱ्यानं कपाळाला हात लावावा.

आणखी एक ता. क. : लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायची माझी खोड तुम्हाला ठाऊक आहेच. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बसून हे लिहिलं. आत्ताच बातमीदार मैदानावरून धापा टाकत खिडकीशी आली आणि म्हणाली, "बाई, उजव्या गुडघ्याचंही विचारा. काम त्यांच्याकडे आहे."