तिकीट खिशात असलेला माणूस

७ एप्रिल १९७४, रविवार
मामा आला, अक्कलकोटहून. एका हातात प्लेअर, काखेत रेकॉर्ड! त्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कुणी टाकून गेलं ते परत आलंच नाही म्हणे. पाकिटावर चार केसाळ गोरे, गळ्यात गिटारी. "महादेवी, तू इंग्लिश घेतलीस की बी.ए.ला. हे काय वरडत्यात, अर्थ सांग."

आई चहा टाकायला पळाली. पळणारच! मी जन्मले त्याच दिवशी तिनं मला या धाकट्या भावाला देऊन टाकलंय. आमच्यात भाचीशी लग्नाचा पहिला हक्क मामाचा. तो 'नको' म्हणाला तरच दुसऱ्यानं विचारायचं. मला कोण विचारतंय!

१० एप्रिल
गाण्याचे शब्द पाकिटातल्या कागदावर छापलेत. एक माणूस स्टेशनवर बसलाय. तिकीट खिशात आहे. गाडी येते, हा उठत नाही. म्हणतो, पुढच्या गाडीनं जाईन. असं तीनदा! मग शब्द संपतात आणि गिटार नुसती किंचाळत राहते. मेल्या, ऊठ की!

१४ एप्रिल, रविवार
मामाला सांगितलं, माणूस भित्रा आहे. त्यानं पाकीट उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाला, "भित्र्यानं तिकीट कशाला काढलं असतं?"

हे मला सुचलंच नव्हतं. असा राग आला! दिवसभर वायरी जोडणारा माणूस माझ्यापेक्षा बरा अर्थ लावतो. आणि आई शेजारच्या रंभाबाईंना सांगत सुटलीय, "दोघांचं चांगलं गुळपीठ जमलंय." अगं, गाण्याचा अर्थ लावतोय आम्ही!

१७ एप्रिल
वर्गातल्या चांगुणाला गाणं वाचून दाखवलं. "कुणाची तरी वाट बघतोय तो," म्हणाली. कोल्हापूरचे एम.ए.चे फॉर्म तिनं दोन मागवलेत. माझा तिच्याच पिशवीत आहे, घरी आणायची सोय नाही. "कधी भरतेस?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात.

म्हटलं, आणि माझं मलाच ऐकू आलं.

२१ एप्रिल
मामा वाईट नाही, हेच वाईट आहे. वाईट असता तर भांडले असते. पण तो हसला की मला गड्ड्याच्या जत्रेत खांद्यावर घेऊन फिरणारा मामा दिसतो. नवरा काही केल्या दिसत नाही!

२ मे
तारीख धरली. २६ मे. अप्पांना भीत भीत म्हटलं, मला अजून शिकायचंय. "मामाच्या घरी जायचंय, परक्याच्या नाही. रडायला काय झालं?" आणि पेपर उघडला. संपलं.

५ मे, रविवार
आई बांगडीवाल्याकडे गेली होती. मामानं पुन्हा तेच गाणं लावलं. "मग? का उठत न्हाई गं त्यो?"

म्हटलं, "त्याला जायचंय मामा. फार जायचंय. पण कुणीतरी 'जा' म्हणावं म्हणून बसलाय." रडूच फुटलं. रडता रडता कोल्हापूरच्या फॉर्मचंही सांगून टाकलं.

मामानं सुई उचलून ठेवली. चहा न घेता गेला. देवा, मी काय बोलून बसले! त्यानं आईला सांगितलं तर?

९ मे
कालपासून रेल्वेचा संप. गाड्या बंद. गाण्यातल्या माणसाला निमित्त मिळालं, बसून राहायला. मलाही. फॉर्मची मुदत पंधरा तारखेपर्यंत. आईनं हिरव्या बांगड्यांचं माप घेतलं. मी हात पुढं केला. मीच केला!

१२ मे, रविवार
मामा आला. बसलाच नाही. आईला म्हणाला, "अक्का, पोरगी मला पसंत न्हाई. लई शिकलीया."

आई म्हणाली, आता रंभाबाईंना काय सांगू! अप्पा तोंडाला येईल ते बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी दारात.

जाताना चपला घालता घालता हळूच म्हणाला, "ते तिकीट त्याचं न्हवतंच, महादेवी. दुसऱ्याचं खिशात घालून बसला हुता, म्हणून त्याला उठता येईना." मग म्हणाला, "रेल्वे बंद असू दे. कोल्हापूरला एसटी जाती की."