जाळीची किल्ली भागवतकडे

सौ. सोजरबाईस बडोद्याहून जगदेवचे आशीर्वाद. मी धडधाकट आहे. खोली एकच, फोनवरचे सगळे तुझा भाऊ ऐकतो, म्हणून लिहितो.

इथे वीजरोधकांवर आभाळातल्या विजेसारखा झटका सोडून ते तपासतात, हे तुला ठाऊकच आहे. यंत्र बंद केले तरी त्यात वीज साठून राहते. जमिनीशी जोडलेला लांब दांडा लावून ती उतरवायची, दांडा तसाच ठेवायचा, मगच यंत्राभोवतीच्या जाळीच्या आत जाऊन यंत्र पुसायचे. जाळीची किल्ली इतकी वर्षे माझ्या करदोट्याला होती. आता साहेबांनी ती तुझ्या भावाला, भागवतला दिली. म्हणे माझी नजर कमी झाली. कमी झाली असती तर हे पत्र कोणी लिहिले असते?

काल जाळी उघडून भागवत दांडा घ्यायला वळला, तेवढ्यात मी फडके घेऊन आत निघालो. माझ्यावाचून अडते, हे साहेबांना दाखवायचे होते. भागवतने मागून कॉलर धरून ओढले.

"मरून राह्यले काय, भाऊजी? दांडा लागला नाही अजून! ताईले काय तोंड दाखवू मी?"

मला काही झाले नाही, काळजी करू नकोस. साहेबांनी विचारले तर तो म्हणाला, "काही नाही साहेब, भाऊजीचा पाय घसरला." चुगली केली असती तर मला त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

सोयाबीन निघाले का? तुझा खोकला कसा आहे?

दिवाळीला दोघेही मेडशीला येतो. भाऊबीजेला त्याला नीट ओवाळ. पण कौतुक करायचे ते मी वावरात गेल्यावर कर.

जगदेव